अवधारणवाचक अव्यये

अवधारणवाचक अव्यये : वाक्यातील एखाद्या घटकावर भर देऊन, त्या घटकाच्या जागी येऊ शकणाऱ्या अन्य पर्यायांचा निषेध, समावेश किंवा तुलना सूचित करणारी अव्यये. मराठीतील ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’, ‘देखील’, ‘फक्त’, ‘केवळ’, ‘मात्र’, ‘तरी’, ‘निदान’ इ. आणि इंग्रजीतील ‘ओन्ली’, ‘जस्ट’, ‘ईव्हन’, ‘ऑल्सो’, ‘टू’ इ. शब्द या वर्गात मोडतात. सामान्य क्रियाविशेषण क्रियेचे स्थळ, काळ किंवा रीती सांगते व वाक्यात थोडे मागेपुढे झाले, तरी अर्थाला फारसा बाध येत नाही. ‘तो काल इंदापूरला गेला’ आणि ‘काल तो इंदापूरला गेला’ या दोन वाक्यांनी कळणारी घटना एकच आहे. अवधारणवाचक अव्ययाचे तसे नाही. त्याचे स्थान बदलले की, वाक्याने केलेले विधानच बदलते. त्यामुळे शब्दाचा अर्थ आणि शब्दाचे स्थान यांचा परस्परसंबंध पाहण्यास हा वर्ग विशेष सोयीचा आहे.

‘अवधारण’ म्हणजे निश्चय किंवा मर्यादा घालणे. ही संज्ञा संस्कृत व्याकरणातून आलेली असून तेथे ती मुख्यतः ‘एव’ या निपाताच्या संदर्भात वापरली जाते. मराठी व्याकरणात या अव्ययांना स्वतंत्र प्रकरण मिळालेले नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या महाराष्ट्र भाषेचे व्याकरण (१८३६) या ग्रंथापासून शब्दांच्या जाती ठरविण्याची जी चौकट रूढ झाली, तीत हे शब्द शब्दयोगी, क्रियाविशेषण आणि उभयान्वयी अशा तीन जातींमध्ये विखुरले गेले. शालेय व्याकरणांत ‘च’, ‘मात्र’, ‘फक्त’, ‘केवळ’ यांना कैवल्यवाचक, तर ‘ही’, ‘सुद्धा’, ‘देखील’ यांना संग्रहवाचक शब्दयोगी अव्यये म्हणतात. ज्या शब्दाला ती जोडली जातात, त्याचे सामान्यरूप होत नाही (‘घरात’, ‘घरासाठी’, परंतु ‘घरच’, ‘घरही’), म्हणून त्यांना शुद्ध शब्दयोगी अव्यये असेही नाव आहे. रूपाच्या दृष्टीने हे वर्णन बरोबर आहे. परंतु खरी शब्दयोगी अव्यये नामाचा वाक्यातील इतर शब्दांशी संबंध दाखवितात आणि ‘च’ असा कोणताही संबंध दाखवीत नाही. ते नामाला लागते तसेच विशेषणाला, क्रियाविशेषणाला आणि क्रियापदालाही लागते. शब्दयोगी अव्ययांच्या यादीत त्याची गणना करणे ही सोय आहे, उपपत्ती नव्हे.

‘च’ हे अव्यय प्राकृतातून आलेले आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात अवधारणार्थी निपातांमध्ये ‘चेअ’, ‘चिअ’ व ‘च्च’ यांचा निर्देश केला असून जुन्या मराठीत त्याचे ‘चि’ असे रूप आढळते. समुच्चयवाचक संस्कृत ‘च’चा (म्हणजे ‘आणि’चा) अर्थ मराठी ‘च’ला नाही. ‘केवळ’ व ‘मात्र’ हे शब्द संस्कृतातून, तर ‘फक्त’ हा अरबीतून फार्सीच्या मार्गाने मराठीत आला. पावतीवर किंवा धनादेशावर अक्षरी रकमेपुढे लिहिला जाणारा ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ हा अवधारणाचा अगदी व्यावहारिक नमुना होय. रक्कम येथे संपली, पुढे काही वाढवू नये, एवढेच काम तो करतो.

या अव्ययाचे कार्य उदाहरणाने स्पष्ट होईल. इंदापूर तालुक्यातील बावडा येथील एखाद्या विविध कार्यकारी सहकारी संस्थेच्या ठरावात पुढील वाक्य आहे अशी कल्पना करू : ‘संस्था बावड्यातील सभासदांना उसासाठी खत उधार देईल’. या वाक्यात ‘च’ सात ठिकाणी घालता येतो. ‘संस्थाच’ म्हटले, तर अन्य कोणी खत देणार नाही. ‘बावड्यातीलच सभासदांना’ म्हटले, तर शेजारच्या गावांतील सभासद वगळले गेले. ‘सभासदांनाच’ म्हटले, तर सभासद नसलेले शेतकरी वगळले गेले. ‘उसासाठीच’ म्हटले, तर ज्वारीला खत मिळणार नाही. ‘खतच’ म्हटले, तर बियाणे मिळणार नाही. ‘उधारच’ म्हटले, तर रोखीचा व्यवहार होणार नाही. ‘देईलच’ म्हटले म्हणजे कोणीच वगळले जात नाही. संस्थेने हमी दिली, एवढाच अर्थ होतो. वाक्यातील इतर सर्व शब्द व त्यांचा क्रम कायम असताना एका अक्षराच्या स्थलांतराने कोणाला खत मिळेल आणि कोणाला मिळणार नाही, हे ठरते.

‘च’ ज्या पदाला चिकटतो त्यावरच भर असतो, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. ‘बावड्यातील सभासदांनाच’ या रचनेत ‘च’ ‘सभासदांना’ या पदाला लागला असला, तरी त्याची व्याप्ती ‘बावड्यातील सभासद’ या संपूर्ण पदसमूहापर्यंत डावीकडे जाऊ शकते. मग वडापुरी किंवा सुरवड येथील सभासदाला खत द्यावयाचे की नाही, हा प्रश्न ठरावाच्या शब्दांवरून सुटत नाही. ‘फक्त’ची अडचण याच्या उलट आहे. ‘फक्त बावड्यातील सभासदांना उसासाठी’ असे लिहिले, तर ‘फक्त’चा अंमल डावीकडे कोठे सुरू होतो हे कळते, तो उजवीकडे कोठे संपतो, हे कळत नाही. ‘फक्त’ हा शब्द भर द्यावयाच्या पदाच्या आधी येतो, ‘च’ त्याच्या नंतर येतो. एकाने अलीकडची हद्द ठरते, दुसऱ्याने पलीकडची. ‘फक्त बावड्यातीलच’ किंवा ‘फक्त बावड्यातील सभासदांनाच’ अशा दुहेरी रचनेला पुनरुक्तीचा दोष देण्याची रीत आहे. ललित लेखनात ती टाळावी हे योग्यच. परंतु ठराव, करार, मृत्युपत्र यांसारख्या लेखनात ही दुहेरी रचना दोन्ही हद्दी दाखविते आणि म्हणून तीत दोष मानण्याचे कारण नाही.

अर्थदृष्ट्या या अव्ययांचे तीन गट पडतात. ‘फक्त’, ‘केवळ’ व ‘च’ ही व्यवच्छेदक होत. ‘फक्त गणपत आला’ या वाक्यात दोन गोष्टी अंतर्भूत आहेत : गणपत आला ही एक, आणि दुसरे कोणी आले नाही ही दुसरी. त्यांपैकी पहिली गृहीत धरलेली असते, दुसरी हे खरे विधान असते. ‘फक्त गणपत आला का?’ या प्रश्नाला ‘नाही, म्हादूही आला’ असे उत्तर येते, तेव्हा नकार दुसऱ्या भागाला असतो. गणपतच्या येण्याविषयी कोणालाच शंका नसते. ‘ही’, ‘सुद्धा’ व ‘देखील’ ही समावेशक होत. ‘गणपतही आला’ या वाक्याचे विधान गणपत आला एवढेच आहे. आणखी कोणी तरी आले होते, हे गृहीत आहे. म्हणजे ‘फक्त’ आणि ‘ही’ यांत विधान व गृहीत यांची अदलाबदल झालेली दिसते.

तिसरा गट क्रमदर्शक अव्ययांचा. ‘त्याला पाढेसुद्धा येत नाहीत’ या वाक्यात पाढे ही अगदी सोपी गोष्ट असल्याचे सूचित होते. पर्यायांची एक चढण कल्पिलेली असून प्रस्तुत पर्याय तिच्या एका टोकाला आहे. ‘चहा तरी घ्या’ या आग्रहात जेवण हा वरचा पर्याय मनात असतो व चहा हा किमान. इंग्रजीत समावेशासाठी ‘ऑल्सो’ आणि चढणीसाठी ‘ईव्हन’ असे दोन निराळे शब्द आहेत. मराठीत ‘ही’, ‘सुद्धा’, ‘देखील’ ही तिन्ही दोन्ही कामे करतात व ‘पाटीलसुद्धा आले’ याचा अर्थ ‘इतरांबरोबर पाटीलही आले’ असा की ‘पाटलांसारखे कधी न येणारेही आले’ असा, हे स्वराघात व प्रसंग यांवरून ठरते. प्रश्नार्थक सर्वनामांशी या अव्ययांचा संयोग विशेष लक्षणीय आहे. ‘ही’ने ‘कोणीही’, ‘काहीही’, ‘कधीही’ असे सर्वसमावेशक शब्द तयार होतात. ‘च’ने ‘कोणीच’, ‘काहीच’, ‘कधीच’ असे शब्द होतात व ते बहुधा नकाराबरोबरच येतात. ‘कोणीच आले नाही’ हे वाक्य सहज म्हटले जाते, ‘कोणीच आले’ असे कोणी म्हणत नाही.

‘मात्र’ या शब्दाचा इतिहास वेगळ्या दिशेने गेला. ‘क्षणमात्र’सारख्या समासांत त्याचा ‘केवळ’ हा मूळ अर्थ टिकून आहे. परंतु आजच्या गद्यात तो विरोध दाखवितो. ‘सगळे जेवले, गणपत मात्र उपाशी राहिला’ यात गणपतला इतरांपासून वेगळे काढले आहे. त्या वेगळेपणातूनच ‘परंतु’ हा अर्थ निष्पन्न झाला असावा. ‘मी येईन, फक्त उशीर होईल’ अशा वाक्यांत ‘फक्त’ही त्याच मार्गाने जात असल्याचे दिसते.

भारतीय तर्कपरंपरेने या प्रश्नाची फार सूक्ष्म चर्चा केलेली आहे. सातव्या शतकातील बौद्ध तर्कवेत्ता धर्मकीर्ती याने प्रमाणवार्त्तिकात ‘एव’चे तीन व्यापार सांगितले. ते ‘एव’ कोणत्या पदाला जोडले आहे, यावर अवलंबून आहेत. विशेषणाला जोडल्यास अयोगव्यवच्छेद होतो : ‘चैत्र धनुर्धरच आहे’ असे म्हटल्याने चैत्राचा धनुर्विद्येशी संबंध नाही, ही शंका दूर होते. इतर कोणी धनुर्धर नाहीत, असा अर्थ होत नाही. विशेष्याला जोडल्यास अन्ययोगव्यवच्छेद होतो : ‘पार्थच धनुर्धर आहे’ असे म्हटले की, इतरांचे धनुर्धरत्व नाकारले जाते. क्रियापदाला जोडल्यास अत्यंतायोगव्यवच्छेद होतो : कमळ निळे असतेच, म्हणजे कमळ कधीच निळे नसते हे म्हणणे खोटे आहे. ही मांडणी पुढे न्यायदर्शनातही स्वीकारली गेली. पहिल्या दोन प्रकारांत मराठी ‘च’ संस्कृत ‘एव’च्या पावलावर पाऊल टाकून चालतो. तिसऱ्या प्रकारात मात्र मराठीची वाट निराळी आहे. ‘कमळ निळे असतेच’ हे वाक्य मराठी वाचक ‘कमळ हमखास निळे असते’ असे समजेल, आणि धर्मकीर्तीला अभिप्रेत असलेला अर्थ आपण ‘कमळ निळेही असते’ असा ‘ही’ घालून सांगू.

अवधारणाचा शब्द नसतानाही अवधारण होऊ शकते, हेही प्राचीनांनी जाणले होते. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच्या आह्निकात ‘अब्भक्ष’ व ‘वायुभक्ष’ ही उदाहरणे दिली आहेत. पाणी तर सर्वच पितात. म्हणून ‘अब्भक्ष’ या शब्दाला अर्थ येण्यासाठी ‘पाण्यावरच राहणारा’ असे समजावे लागते. मीमांसकांचा परिसंख्याविधीही याच जातीचा आहे. पाच नखे असलेल्या प्राण्यांपैकी पाच प्राणी भक्ष्य आहेत, या वचनाचा हेतू ते खावेत असा नसून इतर खाऊ नयेत असा आहे. युरोपातही तेराव्या शतकात विल्यम ऑफ शेरवुड इ. तर्कशास्त्रज्ञांनी ‘केवळ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांचे विवेचन केले. आधुनिक भाषाविज्ञानात मॅट्स रूथ याच्या १९८५ च्या प्रबंधापासून या विषयाला नवी चालना मिळाली. स्वराघात पडलेले पद आपल्याबरोबर पर्यायांचा एक संच उभा करते आणि अवधारणवाचक अव्यय त्या संचावर कार्य करते, हे त्याच्या उपपत्तीचे सार आहे.

इंग्रजीत या अव्ययांचे स्थान हा दोन शतकांहून अधिक काळ वादाचा विषय आहे. बोलण्यात ‘ओन्ली’ सामान्यतः मुख्य क्रियापदाच्या आधी, आणि साहाय्यक क्रियापद असल्यास त्याच्या नंतर येतो. भर कोणत्या पदावर आहे, हे स्वराघात सांगतो. ‘द सोसायटी ओन्ली लेंड्स मनी टू मेंबर्स’ या वाक्यात ‘मनी’वर आघात दिला, तर संस्था पैशाखेरीज काही देत नाही असे कळते, ‘मेंबर्स’वर दिला, तर सभासदांखेरीज कोणाला देत नाही असे कळते, ‘लेंड्स’वर दिला, तर पैसे उसने देते, बक्षीस देत नाही असे कळते. कागदावर आघात उमटत नाही आणि वाक्य संदिग्ध राहते. बिशप रॉबर्ट लाउथ (व्याकरणाची पहिली आवृत्ती १७६२) याच्या परंपरेतील व्याकरणकारांनी म्हणून असा दंडक घातला की, क्रियाविशेषण ज्या शब्दाला मर्यादित करते त्याच्या निकट असावे. एच. डब्ल्यू. फाउलर याने १९२६ च्या आपल्या कोशात या दंडकाच्या अतिरेकाची टर उडविली. जेथे गैरसमजाचा संभव नाही, तेथे ‘ओन्ली’ त्याच्या स्वाभाविक जागी राहू द्यावा, असे त्याचे मत होते. प्रस्तुत लेखकाला फाउलरचा पक्ष बोलण्यापुरता व ललित गद्यापुरता मान्य आहे. नियम, करार व परीक्षेच्या सूचना यांत लाउथचा दंडक पाळणे हिताचे.

मराठी भाषकाला इंग्रजी लिहिताना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे नोंदविणे इष्ट आहे. कर्त्यावर भर द्यावयाचा असेल, तर ‘ओन्ली’ व ‘ईव्हन’ कर्त्याच्या आधीच आले पाहिजेत (‘ओन्ली मेंबर्स मे व्होट’). क्रियापदापाशी असलेला ‘ओन्ली’ मागे वळून कर्त्याला धरू शकत नाही. ‘ऑल्सो’ मात्र आघाताच्या साहाय्याने तसे करू शकतो : ‘द टीचर ऑल्सो केम’ याचा अर्थ शिक्षकही आले असा होऊ शकतो. ‘टू’ व ‘अ‍ॅज वेल’ बहुधा वाक्याच्या शेवटी येतात आणि नकारार्थी वाक्यात त्यांची जागा ‘आयदर’ घेतो. ‘ओन्ली’सह स्थलकालवाचक पद वाक्यारंभी आले, तर कर्ता व साहाय्यक क्रियापद यांची अदलाबदल करावी लागते (‘ओन्ली देन डिड ही स्पीक’). सूचनाफलकांवरील ‘मेंबर्स ओन्ली’, ‘लेडीज ओन्ली’ या रचनांत ‘ओन्ली’ नामानंतर येतो. पण तो त्या शैलीचा विशेष आहे.

भारतीय इंग्रजीतील ‘आय केम यस्टर्डे ओन्ली’ किंवा ‘ही इज देअर ओन्ली’ अशा वाक्यांची बरीच थट्टा होते. त्यामागे मराठी ‘च’ किंवा हिंदी ‘ही’ची छाया आहे, हे उघड आहे. हा दोष स्थानाचा आहे असे समजले जाते. पण शब्द पुढे आणून ‘ओन्ली यस्टर्डे’ केल्याने पहिले वाक्य सुधारते, ‘ओन्ली देअर’ केल्याने दुसरे सुधारत नाही. कारण ‘च’ची कामे ‘ओन्ली’पेक्षा अधिक आहेत. ‘तोच मुलगा’ यात ऐक्य आहे, तेथे इंग्रजीत ‘द सेम’ लागतो. ‘इथेच’ यात निश्चिती आहे, तेथे ‘राइट हिअर’ म्हणतात. ‘नवरदेवच आला नाही’ यात जो यायलाच हवा त्याची अनुपस्थिती आहे, व्यवच्छेद मुळीच नाही. ‘पाऊस येताच’ यात तत्क्षणता आहे. ‘च’ आला की ‘ओन्ली’ लिहावा, ही शाळेत लागलेली सवय मोडणे हाच यावर उपाय आहे.

अवधारणवाचक शब्दाच्या स्थानावर नागरिकांचे हक्क अवलंबून राहिल्याचे ठळक उदाहरण भारतीय संविधानात सापडते. अनुच्छेद १५ (१) अन्वये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून नागरिकांत भेदभाव करण्यास राज्याला मनाई आहे. इंग्रजी पाठात ‘ओन्ली’ हा शब्द ‘ग्राउंड्स’ या शब्दानंतर व कारणांच्या यादीपूर्वी येतो. मराठी पाठात त्या जागी यादीच्या आरंभी ‘केवळ’ आहे. अनुच्छेद १६ (२) व २९ (२) यांतही अशीच रचना आहे आणि तिचे मूळ १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम २९८ मध्ये दिसते. प्रश्न असा की, हा ‘केवळ’ काय वगळतो? यादीत नसलेल्या कारणांवरून केलेला भेद या मनाईत येत नाही, एवढेच तो सांगतो, की यादीतील कारणाला दुसऱ्या एखाद्या कारणाची जोड मिळाली म्हणजे मनाई सुटते, असेही सांगतो? एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा (१९८१) या विमानसेविकांच्या सेवाशर्तींविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसरा अर्थ घेतला : केवळ लिंगावरून केलेला भेद निषिद्ध आहे, लिंगाबरोबर अन्य बाबींचाही विचार करून केलेला भेद या अनुच्छेदांच्या कक्षेत येत नाही. पहिल्या गर्भधारणेनंतर सेवा संपुष्टात आणण्याची अट न्यायालयाने रद्द केली, ती मनमानीच्या कारणावरून. नवतेजसिंग जोहर प्रकरणात (२०१८) न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात या वाचनावर टीका केली. लिंगभेदाला जोडलेली ‘अन्य बाब’ बहुधा स्त्रीपुरुषांच्या भूमिकांविषयीच्या रूढ समजुतीतूनच आलेली असते व तिला वेगळे कारण मानणे हा शब्दांत अडकलेला अर्थ होय, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

व्याकरणदृष्ट्या पाहिले, तर या दोन वाचनांतील फरक धर्मकीर्तीच्या परिभाषेत मांडता येतो. पहिल्या वाचनात ‘केवळ’ यादीबाहेरच्या कारणांना दूर ठेवतो; दुसऱ्यात तो यादीतील कारण एकटे असल्याची अट घालतो. मराठी पाठाने या संदिग्धतेत भर घातलेली नाही आणि ती कमीही केलेली नाही, कारण ‘केवळ’ हा पूर्वगामी शब्द असल्यामुळे त्याच्या अंमलाची पलीकडची हद्द मोकळी राहते. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर महाराष्ट्रात अधिनियम, नियम व आदेश यांचे मराठी पाठ मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. त्या भाषांतरांत इंग्रजी ‘ओन्ली’साठी सामान्यतः ‘फक्त’ किंवा ‘केवळ’ योजला जातो. बोलीत ज्या ‘च’ने मराठी माणूस हद्द आखतो, तो तेथे क्वचितच आढळतो. त्याला अनौपचारिक समजले जात असावे. तसे समजण्यास भाषेच्या इतिहासात काही आधार नाही.